बोरी-बाभळींचा खानदेश

1880 साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड प्रसिद्ध झाला. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेला हा खंड खानदेश जिल्ह्याचा. जळगाव आणि धुळे तेव्हा वेगळे नव्हते. जिल्हा एकच होता आणि कचेरी धुळ्याला होती. नद्या, घाट, जाती-जमाती, पिके, सारा, बाजारपेठा, दुष्काळ, बंडे असे सारे काही त्या जाडजूड ग्रंथात बारकाईने नोंदलेले आहे. त्याच वर्षी 24 ऑगस्टला जळगावजवळच्या असोदे गावी कवयित्री बहिणाबाईंचा जन्म झाला. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना आणि जात्यावर बसल्यावर त्यांनी रचलेल्या ओव्या घरातल्यांनी टिपून ठेवल्या. पुस्तकरूपाने त्या लोकांपुढे आल्या त्या 1952 साली, बहिणाबाई गेल्यानंतर.

एका बाजूला साहेबाने कचेरीत बसून लिहिलेला खानदेश आणि दुसऱ्या बाजूला बांधावर उभ्या असलेल्या बाईने पाहिलेला खानदेश. या दोहोंच्या मधे जे निसटून जाते त्यात बोर आहे. ज्या वस्तूवर सारा बसत नाही, जिचा लिलाव होत नाही, जी गाड्या भरून मुंबईला जात नाही, तिचा हिशेब सरकारी दप्तर ठेवत नाही. कापसाचा इतिहास आपल्याला वर्षागणिक सांगता येतो. मोहाच्या फुलांचाही सांगता येतो, कारण 1878 च्या अबकारी कायद्याने दारूवर सरकारचा हात घट्ट झाला आणि कागद तयार झाले. बोराचे असे कागद नाहीत. तरीही खानदेशातल्या गरीब माणसाने गेल्या दोनशे वर्षांत काय भोगले आणि तो कसा तगला, हे सांगायला या झाडाइतका जवळचा साक्षीदार मला दुसरा दिसत नाही.

आधी ते झाड नीट पाहू. बोरीच्या फांदीवर पानाच्या देठापाशी काट्यांची जोडी असते. त्यातला एक काटा बहुधा सरळ आणि दुसरा गळासारखा वाकडा. म्हणून हात आत घालताना टोचते आणि बाहेर काढताना अडकते. पान वरून हिरवे, खालून पांढुरके आणि लवदार. फुले इतकी बारीक की जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. बोरीचे खरे शहाणपण तिच्या वेळापत्रकात आहे. उन्हाळ्यात ती पाने टाकून स्वस्थ राहते, पावसाळ्यात नवी पालवी धरते, पाऊस सरता सरता फुलते आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर थंडीत फळते. मूळ खोल जाते, त्यामुळे विहिरीने तळ गाठला तरी बोर हिरवी राहते. ज्या मुलखात पाऊस लहरी, तिथे असेच झाड टिकणार.

बोरे तरी किती तऱ्हेची! माळावरच्या खुरट्या झुडपांना लागणारी वाटाण्याएवढी चण्यामण्या बोरे, बांधावरची आंबट-तुरट गावठी बोरे, आणि एखाद्या झाडाची अशी गोड बोरे की त्या झाडाला सारे गाव ओळखते. हिरवे बोर दात आंबवते, पिवळे करकरते आणि लालसर होऊन सुरकुतले की तोंडात विरघळते. शेतावर निघालेली बाई झाडाखाली वाकून वेचते ती ही शेवटची. पोरांना तेवढा धीर नसतो. ती दगड मारून हिरवीच पाडतात.

एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावर खानदेशावर मोठी आपत्ती आली. 1802 साली यशवंतराव होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला आणि पाठोपाठ 1803-04 चा भीषण दुष्काळ पडला. पुढची पंधरा वर्षे पेंढाऱ्यांच्या धाडी, अरबांच्या गढ्या आणि भिल्ल नाईकांच्या चढाया यांत गेली. गावेच्या गावे उठली. 1818 साली पेशवाई बुडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा तापीकाठच्या काळ्याभोर जमिनीवरही रान माजले होते. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे कारभार आला. त्यांनी 1819 मध्ये धुळ्याला ठाणे हलवले आणि सरळ रेषेत गल्ल्या आखून नवी पेठ वसवायला घेतली. शेते मात्र एवढ्या लवकर सावरण्यासारखी नव्हती.

नांगर थांबला की शेतात आधी काय उगवते, हे कोणताही शेतकरी सांगेल. कुंदा-हरळी माजते आणि मग बोरी-बाभळी उभ्या राहतात. बोराची आठळी पाखरांच्या आणि कोल्ह्यांच्या पोटातून रानोमाळ पसरते, आणि एकदा मूळ धरले की ते झाड तोडून संपत नाही. बुंध्यातून पुन्हा फुटते. ‘बोरी-बाभळी माजल्या’ म्हणजे वस्ती ओस पडली, असा अर्थ मराठी माणसाच्या कानाला आपोआप लागतो. खानदेशात त्या पिढीने तो अर्थ डोळ्यांनी पाहिला. मात्र उजाड गावाकडे परतणाऱ्या कुटुंबाला पहिल्या हिवाळ्यात पेरल्यावाचून जे हाती लागण्यासारखे होते, त्यात बोरही होते. काटेरी फांद्या तोडून त्यांनी वाडग्याला आणि खळ्याला कुंपण घातले. लाकूड चिवट, म्हणून औतांना आणि खाटेच्या गातांना लागले. पाला शेळ्यांनी खाल्ला. मुलूख उजाड झाल्याची खूण असलेले झाडच त्याला पुन्हा उभा करायला कामी आले.

गावांची नावेही हेच सांगतात. धुळे तालुक्यात बोरकुंड आणि बोरविहीर, शिरपूरकडे बोराडी, जळगावकडे बोरनार. अमळनेर ज्या नदीच्या काठी वसले ती बोरी. तिच्याच वाळवंटात वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते. ग्रामनामांवरून वसाहतीचा इतिहास शोधायचा मार्ग इतिहासाचार्य राजवाडे यांनी दाखवला. त्यांचे अखेरचे दिवस धुळ्यातच गेले, आणि 1926 च्या शेवटच्या दिवशी ते वारल्यावर त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही तिथेच उभे राहिले. त्या मार्गाने पाहिले तर विहीर, कुंड, खेडे यांच्या आधी बोर लावून गाव ओळखणारी माणसे या झाडाला किती निकटचे मानत असतील ते उमगते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जमिनीची मोजणी आली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी घालून दिलेल्या पद्धतीने मुंबई इलाख्यातल्या शेतांना नंबर पडू लागले होते. 1852 साली हे काम खानदेशात सुरू होताच सावदा-फैजपूर भागात शेतकरी खवळले. मोजणी म्हणजे साऱ्याची वाढ, हे त्यांनी ओळखले होते. हजारोंच्या जमावाने मोजणीदारांना काम करू दिले नाही. अखेर फौज आणि भिल्ल पलटण आणून पुढाऱ्यांना पकडण्यात आले. मोजणी पुढे रेटली गेली आणि पुढच्या काही वर्षांत खानदेशाची जमीन सर्व्हे नंबरांत वाटली गेली.

या मोजणीचा एक परिणाम कोणी ठरवून घडवलेला नव्हता. दोन नंबरांच्या मधे हद्दीचे दगड आणि मातीचे उंचवटे राखायचे, मधली पट्टी नांगरायची नाही, असा दंडक होता. हा जो बांध तयार झाला, त्यावर बोरीने ठाण मांडले. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे चाळीसगाव-जळगाव-भुसावळ अशी खानदेश ओलांडून गेली. पडीक जमीन भराभर वहितीखाली आली. माळावरची बोर गेली, पण बांधावरची राहिली. उत्तरेला सातपुड्यात 1878 च्या वन कायद्याने जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या. चराईला फी आणि लाकूडफाट्याला परवाना लागू लागला. एकीकडे शेत सावकाराकडे गहाण पडले, दुसरीकडे जंगल सरकारजमा झाले. त्या दोहोंच्या मधल्या काठावर, बांधावर आणि नाल्याच्या थडीवर, ज्याला काहीच नाही त्याच्यासाठी बोर उभी होती. झाड कुणाच्या बांधावर आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. तरी खाली पडलेले बोर वेचणाऱ्याचे, हा गावाचा कायदा होता आणि तो कुठल्याही दप्तरात लिहिलेला नव्हता.

या काठावरच्या फळाचे एक दूरचे भावंड आयर्लंडमध्ये होते. तिथल्या शेतांच्या काटेरी कुंपणांवर ब्लॅकबेरी लागते. झुडूप काटेरी, फळ फुकटचे, वेचणारे हात बायकांचे आणि पोरांचे. एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या वर्तमानपत्रांत ही फळे अनेक रूपांनी भेटतात. एखादी गोष्ट रगड आहे हे सांगायला ब्लॅकबेरीची उपमा देण्याची इंग्रजीत शेक्सपिअरपासूनची चाल आहे. आयर्लंडही इंग्रजांच्याच साम्राज्याखाली होता. तिथेही जमीन जमीनदाराची आणि राबणारी कुळे. 1845 पासून बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली. शेताचा खंड जमीनदाराच्या घरी जाई. कुंपणावरचे फळ तेवढे कुळाच्या पोराच्या तोंडात पडे.

त्या फळाला तिथे लोकरीतीने मुदत घातलेली होती. 29 सप्टेंबरचा सेंट मायकेलचा सण किंवा काही भागांत ऑक्टोबरअखेरची हॅलोविनची रात्र उलटली की ब्लॅकबेरी खायची नाही, कारण ‘पूका’ नावाचे भूत त्यांवर थुंकून जाते, असे मुलांना सांगत. आपल्याकडे मुदत उलट्या टोकाला आहे. कार्तिकी एकादशीनंतर तुळशीचे लग्न लागते, तेव्हा नवी बोरे, आवळे, चिंचा आणि ऊस तुळशीपुढे ठेवतात. तोवर नवे बोर तोंडात घालायचे नाही, असे घरोघरी पाळतात. तिकडे फळ नासू लागल्यावर थांबा म्हणणारी रीत, इकडे फळ तयार होईपर्यंत थांबा म्हणणारी. ज्या फळाला मालक नाही त्याला राखणदारही नसतो. मग हिरवीकच्च बोरे ओरबाडणाऱ्या पोरांना आवरणार कोण? ते काम लोकांनी देवावर आणि भुतावर सोपवले. सामाईक वस्तू सगळ्यांना पुरावी म्हणून केलेली ही व्यवस्था होती, असेच मला वाटते.

तुळशीच्या लग्नानंतर खानदेशातल्या घरांत बोराचा शिरकाव होई तो शिवरात्रीपर्यंत टिके. संक्रांतीच्या सुगडात हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, गाजर, तीळ यांच्या जोडीला बोरे हवीतच. लहान मुलाचे बोरन्हाण त्याच सुमारास करतात. काळे अंगडे आणि हलव्याचे दागिने घालून बाळाला पाटावर बसवायचे आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे, की आजूबाजूची पोरे तुटून पडतात. शिवरात्रीला बेलाबरोबर कवठ आणि बोर महादेवाला वाहतात. देवाधर्मात सोन्यारुप्याचे मोल असते, पण या सणांना लागणारे फळ असे की ज्याच्या घरी दमडी नाही तोही ते आणू शकतो. गरिबाचा सण कोरडा जाऊ नये, एवढी काळजी या रीतींनी घेतली आहे.

बोरे विकणाऱ्या बहुधा भिल्ल, कोळी आणि इतर कष्टकरी घरांतल्या बायका. डोक्यावर पाटी, पाटीत बोरे आणि मापाला चिपटे. पैसा खेडोपाडी दुर्मीळ होता. म्हणून बोरे ज्वारीवर मिळत. घरातून पोर ओंजळभर दाणे घेऊन धावत येई, बाई दाणे पाटीतल्या फडक्यात ओतून घेई आणि बोरे मोजून देई. संध्याकाळी त्या फडक्यातली ज्वारी दळली जाई. म्हणजे हे फळ खाणाऱ्या पोराला ते चैनीचे वाटत असले, तरी विकणारीच्या घरी त्याची भाकरी होत होती. शेजारच्या गुजरातीत म्हण आहे, बोलेल त्याची बोरे विकली जातात. व्यापारउदिमासाठी ज्याचे गुजरातेशी जाणे-येणे, त्या खानदेशाला ही म्हण परकी नाही. आणि गल्लीतून जाणाऱ्या बोरवालीची हाक ज्याने ऐकली, त्याला ती समजावूनही सांगावी लागत नाही.

मराठी बोलण्यातही बोर असे जागोजाग आहे. पावसाचे टपोरे थेंब बोराएवढे. वैद्याने दिलेली गोळी बोराएवढी. गळ्यातल्या गोल सोनेरी मण्यांची माळ ती बोरमाळ. एकमेकांना पुरते ओळखून असलेल्या दोघांविषयी म्हणायचे, ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी. मोजमाप, औषध, दागिना, माणसाची पारख अशा चार वेगळ्या गरजांना हे एकच फळ आणि झाड उपयोगी पडले, कारण ते प्रत्येकाच्या नजरेसमोर होते. शबरीच्या कथेतही हेच आहे. वाल्मीकींच्या रामायणात उष्ट्या बोरांचा प्रसंग नाही. तो पुढच्या भक्तिपरंपरेने घातला. लोकांना वाटले, रानातल्या म्हातारीने रामाला द्यावे असे तिच्याजवळ दुसरे काय असणार? सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला ती म्हातारी ओळखीची वाटते, कारण तशी पाटी घेऊन आलेली बाई त्याने आठवड्याच्या बाजारात पाहिलेली असते.

एकोणिसाव्या शतकाचा शेवट सुरुवातीसारखाच काळा झाला. 1876-78 चा दुष्काळ, मग 1896-97 चा, आणि पाठोपाठ 1899-1900 चा. हा शेवटचा संवत 1956 मधला, म्हणून लोकांनी त्याला छपन्याचा दुष्काळ म्हटले. पाऊस गेला, ज्वारी-बाजरी गेली, चाऱ्यावाचून बैल मेले. सरकारने खडी फोडण्याची आणि रस्ते-तलावांची कामे काढली. पण डोंगरातला भिल्ल त्या छावण्यांकडे जायला बिचकत असे, आणि अंगात त्राण उरले नसेल त्याला खडी फुटत नसे.

अशा वेळी माणसे रानाकडे वळतात. त्या दुष्काळानंतर पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे जॉर्ज गॅमी यांनी 1902 साली मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी अन्नाविषयी एक सविस्तर टिपण प्रसिद्ध केले. कोणत्या झाडाचा पाला, कोणते कंद, कोणत्या बिया लोक खातात, त्याची ही शास्त्रीय नोंद. महसुलाच्या वहीत जे बसले नव्हते ते भुकेच्या वहीत आले.

दुष्काळात बोराचा कणही वाया जात नाही. पिकलेली बोरे धाब्यावर पसरून खडखडीत वाळवायची. मग उखळात कुटायची. गर सुटून येतो, आठळ्या मागे राहतात. गराची भुकटी चाळून भाकरीच्या पिठात मिसळायची किंवा पाण्यात कालवून प्यायची. आठळ्या दगडावर ठेवून एकेक फोडायची आणि आतला इवलासा मगज काढायचा. पसाभर मगजाला अर्धा दिवस लागतो. धान्याची मूठ मिळत असताना ही मेहनत कोणी करणार नाही. हा उद्योग ज्या हातांनी केला त्यांना दुसरी वाटच उरलेली नव्हती. पुढे शाळेबाहेर दमडीला पुडी मिळणारे बोरकूट पोरांनी मिटक्या मारत खाल्ले. वाळवायचे आणि कुटायचे तेच तंत्र; त्यांच्या आज्यांनी ते पोट भरायला वापरले होते.

1906 साली खानदेशाचे दोन तुकडे झाले. जळगाव पूर्व खानदेशाचे ठाणे झाले, धुळे पश्चिमेचे. कापसाच्या पेठेमुळे जळगाव वाढत गेले आणि शहराला लागून असलेल्या मेहरूणच्या बोरांना गिऱ्हाईक मिळाले. आकाराने बेताचे, पातळ सालीचे, गोड बोर. ‘मेहरूणची बोरे’ ही जळगावची ओळख झाली. फळबागांच्या शास्त्रातही मेहरूण हे महाराष्ट्रातल्या बोराच्या एका वाणाचे नाव म्हणून नोंदले गेले. ज्या फळाला कोणी मालक नव्हता, त्याला गावाचे नाव मिळाले. गावठी बोरीवर चांगल्या झाडाचा डोळा भरून तेच फळ धरायची कला शेतकऱ्यांच्या हाती आली. 1990 मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना निघाली, तेव्हा कोरडवाहू जमिनीत बोरीच्या बागा उभ्या राहिल्या. आता बाजारात सफरचंदाएवढी ‘अॅपल बोरे’ ढिगाने येतात.

मोठे बोर वाईट असे मी म्हणणार नाही. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर ते हवेच. पण मेहरूणच्या शिवारात प्लॉट पडले आणि जुनी झाडे तुटत गेली. यंत्राने शेत नांगरताना बांध कोरला जातो, आणि बांध गेला की बोरही जाते. बागेतल्या बोराला कुंपण आहे, राखणदार आहे, भाव आहे. वाटसरूने वाकून उचलावे असे बोर दिवसेंदिवस कमी होते आहे. दीडशे वर्षांपूर्वी मोजणीने नकळत जी जागा राखली, ती आपण जाणूनबुजून घालवतो आहोत.

म्हणून माझे मागणे साधे आहे. जळगाव आणि धुळ्याच्या शाळा-महाविद्यालयांनी आपापल्या शिवारातल्या जुन्या बोरींची नोंद करावी. झाड कुठे आहे, कुणाच्या बांधावर आहे, लोक त्याला काय म्हणतात, त्याचे बोर कसे लागते, छपन्याच्या गोष्टी कुणाच्या घरी ऐकायला मिळतात, हे सारे लिहून ठेवावे. चांगल्या गोडीच्या झाडांचे डोळे घेऊन पुन्हा बांधावर बोरी लावाव्यात. पाणी मागणार नाहीत, खत मागणार नाहीत. पाऊस आजही लहरीच आहे आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे पोट आजही त्याच्यावर आहे. 1880 च्या ग्रंथाने खानदेशाचा सारा मोजला. खानदेशाच्या गरिबाला कोणी जगवले, हे मोजायचे काम अजून बाकी आहे, आणि ते दुसऱ्या कुणी येऊन करणार नाही.